ओक ॲलीला निघण्याआधी: आमच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

न्यू ऑर्लिन्सहून आमच्या गाडीने निघालात की मिसिसिपीच्या काठाकाठाने तासाभरात ओक ॲली येतं. गाव व्हाशरी, राज्य लुइझियाना. येणाऱ्या बहुतेक मंडळींनी या जागेचा एकच फोटो पाहिलेला असतो: दोन्हीकडून कमान धरलेले ओक आणि टोकाला पांढऱ्या खांबांचा बंगला. फोटो काढायला भरपूर वेळ मिळेल, काळजी नको. पण ही जागा म्हणजे मुळात साखरेचा कारखाना आणि त्याला जोडलेली शेती, आणि दोन्ही चालायचं ते गुलामांच्या जिवावर. बंगला हे त्या व्यवहाराचं दर्शनी तोंड. म्हणून बंगल्याची फेरी आम्ही शक्यतो शेवटी ठेवतो. आत नेणारा गाइड ओक ॲलीचा असतो, बाकी आवारात आपलं आपण फिरायचं.

मागची घरं

बंगल्याच्या मागे वाटेच्या कडेला लाकडी खोपटी दिसतील. अशी सहा घरं 2013 मध्ये नव्याने उभारली. गुलामांची मूळ घरं आता उरलेली नाहीत. नव्या घरांपैकी एक शेतावर राबणाऱ्यांचं, एक बंगल्यात काम करणाऱ्यांचं, एक आजाऱ्यांसाठीचं. 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, त्यानंतरही माणसं मजूर म्हणून मळ्यांवर राहत होती. तेही एका घरात दाखवलं आहे. इथे एका भिंतीवर नावं आहेत. बहुतेक नुसतीच नावं, आडनाव नाही. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत गुरं, अवजारं आणि माणसं यांची किंमत एकाच कागदावर लिहायची पद्धत होती, आणि अशाच कागदांतून ही नावं हाती लागतात. इथे घाई करू नका. मुलं बरोबर असतील तर ती हमखास प्रश्न विचारतात. आधी घरी थोडं बोलून आलात तर बरं. या घरांसमोर पोझ देऊन फोटो काढू नयेत, एवढी आमची विनंती.

साखर कशी व्हायची

आवारात लोखंडी कढया दिसतील. कोल्हापूर-सांगलीकडच्या पाहुण्यांना त्या काय आहेत हे सांगावं लागत नाही. बघितल्या बघितल्या 'काहिल' म्हणतात, म्हणजे गुऱ्हाळातली गूळ करायची कढई. फरक एवढा, की इथे मोठ्यापासून लहानापर्यंत अशा कढया एका ओळीत चुलाणावर बसवलेल्या असत आणि उकळता रस माणसं हाताने, लांब दांड्याच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत. भाजणं रोजचं होतं. लुइझियानात थंडीत दव गोठतं, त्यामुळे अठरा महिन्यांचा आडसाली ऊस इथे शक्यच नाही. आठ-नऊ महिन्यांचा ऊस दव गोठण्याआधी तोडून गाळावा लागतो. परिणामी ऑक्टोबरपासून पुढचे दोन-तीन महिने रात्रंदिवस गाळप चाले, आणि त्या दिवसांत झोप हीसुद्धा मालकाच्या मर्जीवर.

याच ऊसपट्ट्यातला नॉर्बर रिल्यू हा माणूस लक्षात ठेवण्यासारखा. जन्म न्यू ऑर्लिन्सचा, 1806. वडील गोरे, आई कृष्णवंशीय. तो स्वतः गुलाम नव्हता, पॅरिसमध्ये शिकला. एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्यातला रस उकळायला वापरायची आणि पुढच्या भांड्यात हवेचा दाब कमी ठेवायचा, म्हणजे रस कमी उष्णतेवर उकळतो, करपत नाही, जळणही वाचतं. या यंत्राचं पेटंट त्याने 1843 मध्ये घेतलं. आज आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांतले इव्हॅपोरेटर, म्हणजे रस आटवायची भांडी, याच तत्त्वावर चालतात. शेअरधारक पाहुण्यांना हे सांगितलं की गाडीत पुढचा अर्धा तास दुसरा विषय निघत नाही.

अंतवानची कलमं

पिकॅन हे अक्रोडासारखं फळ. बी पेरून लावलेल्या झाडाला मूळ झाडासारखंच फळ येईल याचा भरवसा नाही, म्हणून कलम हवं, आणि ते सहसा कोणाला जमत नव्हतं. दुसऱ्या एका मळ्यावर एक पातळ कवचाचं उत्तम झाड होतं. त्याच्या काड्या इथे आल्या आणि 1846-47 च्या हिवाळ्यात अंतवान नावाच्या माळ्याने त्या बांधल्या. पहिली सोळा झाडं जगली. अंतवान गुलाम होता. पुढे 1876 मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फियात भरलेल्या प्रदर्शनात या पिकॅनने बक्षीस मिळवलं आणि जातीला 'सेंटेनियल' (शताब्दी) नाव पडलं. अंतवानचं नाव कुठल्याही जातीला मिळालं नाही. त्याची इथली झाडं नंतर उसासाठी तोडली गेली, तेव्हा ती शोधत बसू नका.

बंगला आणि ओक

ओक आधीचे, बंगला नंतरचा. अठ्ठावीस झाडं, दोन ओळी, साधारण 240 मीटर लांबी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी लावली आणि शंभरेक वर्षांनी, 1837 ते 1839 दरम्यान, जाक रोमां या साखरमालकाने त्यांच्या टोकाशी बंगला बांधला. खांबही मोजून अठ्ठावीस. पाहताना संगमरवर वाटतो, पण आहे सगळी वीट, वरून गिलावा आणि पांढरा रंग. भिंती जवळजवळ दोन वीत जाड, छत साडेचार मीटर उंच, चारही बाजूंना व्हरांडा आणि मधून आरपार जाणारा दिवाणखाना: सगळी योजना उकाड्यावर मात करण्यासाठी. जेवणाच्या टेबलावर लाकडी झुलता पंखा टांगलेला आहे. दोरी ओढायला एक गुलाम पोर कोपऱ्यात उभं असायचं. बाकी फर्निचर बघितलं नाही तरी चालेल, हे मात्र बघा.

1866 मध्ये बंगला लिलावात गेला आणि पुढे त्याची पार रया गेली. 1925 मध्ये स्ट्यूअर्ट दांपत्याने विकत घेऊन तो दुरुस्त केला. जोसेफीन स्ट्यूअर्ट 1972 मध्ये वारल्या, तेव्हापासून कारभार एका ट्रस्टकडे आहे.

वरच्या सज्जातून ओकची सगळी ओळ दिसते. नदी दिसत नाही, ती बांधाआड आहे. रस्ता ओलांडून बांधावर चढलं की दिसते. ओकच्या फांद्या पार जमिनीला टेकल्यात. त्यांवर बसू नका, मुलांनाही चढू देऊ नका.

येण्याआधी

वरच्या मजल्यावर जिन्यानेच जावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-बाबांनी खालच्या व्हरांड्यात बसावं, सावली भरपूर आहे. मे ते सप्टेंबर उकाडा कोकणासारखा आणि दुपारी पाऊस ठरलेला, म्हणून छत्री आणि घट्ट बसणारी चप्पल हवी. दोन-तीन तास हाताशी ठेवा.

पूर्ण दिवस असेल तर त्याच काठावर वॉलेस गावात व्हिटनी प्लँटेशन आहे. 2014 मध्ये उघडलेलं हे संग्रहालय गुलामांच्याच बाजूने सारी गोष्ट सांगतं. दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर आमच्या मते व्हिटनी निवडा, ओक ॲलीचे फोटो इंटरनेटवर हवे तितके मिळतात. नोंदणी करताना कुठलं ते सांगा. गाळपाच्या दिवसांत या रस्त्यांवर उसाचे ट्रक असतात आणि परतीला उशीर होतो, म्हणून त्याच संध्याकाळचं विमान धरू नका.