पडद्यामागची तीन हाडे

अनंत चतुर्दशी झाली की कोल्हापुरात डॉल्बीचा वाद पुन्हा निघतो. महाद्वार रोडला रात्रभर मिरवणुकीत उभ्या राहिलेल्या पोराच्या कानात दुसऱ्या दिवशीही शिट्टी वाजत असते आणि घरचे म्हणतात, ‘पडदा गेला वाटतं.’ बहुतेक वेळा पडदा शाबूत असतो. इजा होते ती त्याच्याही आत. आवाज तिथवर कसा पोहोचतो, हे उलगडायला तीनशेहून जास्त वर्षे लागली.

पडद्याला चिकटलेली हातोडी आणि तिच्यामागची ऐरण या कानातल्या दोन हाडांचे वर्णन इटलीत बेरेंगारिओ दा कार्पी याने 1521 मध्ये केले. तिसरे हाड, रिकीब, नजरेतून सुटले होते. ते शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. 1546 मध्ये नेपल्सला शिकवणाऱ्या इन्ग्रासियाला ते दिसले, पण त्याचे लेखन छापून आले 1603 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. तोवर शोधाच्या श्रेयावर इतरांनीही हक्क सांगितला होता.

हाडे सापडली तरी त्यांचे काम कळेना. आतल्या कानात हवा कोंडलेली असते, ही समजूत ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली. मग हवेतून हवेत आवाज जायला हाडे कशाला हवीत? 1760 च्या सुमारास दोमेनिको कोतुन्यो याने आतला कान द्रवाने भरलेला असतो हे दाखवले आणि माझ्या मते खरी कलाटणी तिथे मिळाली. पंचगंगेत बुडी मारलेल्याला घाटावरची हाक ऐकू येत नाही, कारण हवेतून पाण्यावर आदळलेल्या आवाजाची सुमारे 99.9 टक्के ऊर्जा परत फिरते. कानात हे होत नाही, ते या हाडांमुळे.

कसे, याचे यांत्रिक उत्तर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1868 मध्ये मांडले आणि पुढच्या पिढ्यांनी मोजमापे केली. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे 55 चौरस मिलिमीटर, तर आतल्या कानाच्या लंबगोल खिडकीत बसलेला रिकिबीचा तळवा 3.2. तेवढाच जोर सतरापट लहान जागेवर येतो. शिवाय हातोडीचा दांडा ऐरणीच्या दांड्यापेक्षा थोडा लांब, म्हणून तरफेचे आणखी 1.3 पट. एकूण दाब साधारण 22 पट वाढतो. स्वराच्या उंचीनुसार तो कमी-जास्त होतो. देवल क्लबात मागच्या रांगेतही तानपुऱ्याची जवारी कळते, त्यात या गुणाकाराचा मोठा वाटा आहे.

डॉल्बीचा दणकाही त्याच वाटेने आत जातो. मोठा आवाज आला की रिकिबीला जोडलेला इवलासा स्नायू आखडतो आणि तिची हालचाल थोडी रोखतो. पण तो क्षणभर उशिरा जागा होतो, प्रामुख्याने खालचे सूर अडवतो आणि तासन्‌तास चाललेल्या गोंगाटात थकतो. मार बसतो आवाज टिपणाऱ्या आतल्या केशपेशींना आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

याच साखळीतला वेगळा बिघाड म्हणजे रिकीब खिडकीत घट्ट बसून जाणे. हे इटालियन शरीररचनातज्ज्ञ व्हाल्साल्व्हाने अठराव्या शतकातच पाहिले होते. आजच्या पद्धतीच्या इलाजाची सुरुवात मात्र 1956 मध्ये झाली. अमेरिकेत मेम्फिसला जॉन शी या सर्जनने अडकलेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची बसवली. आता बहुधा तळव्याला बारीक भोक पाडून त्यात पिस्टन, म्हणजे बारीकशी कृत्रिम दांडी, सोडतात, आणि तो किती लांबीचा घ्यायचा हे ऐरणीपासून तळव्यापर्यंतचे अंतर मोजून ठरवतात.