टर्मिनलवरून नेटवर्क प्रिंटरला फाइल पाठवताना

ज्यांच्या ऑफिसात आम्ही लिनक्सवर चालणारी मशीन बसवून दिली आहेत, त्यांच्यासाठी हे पत्रक. मॅक वापरणाऱ्यांनाही ते चालेल, कारण दोन्हीकडे छपाईचं काम 'कप्स' हीच प्रणाली सांभाळते. टर्मिनल म्हणजे मशीनला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी. इथे त्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे अक्षर लहान लिपीतलं घ्या.

एखादं पान काढायचं असेल तर नेहमीसारखं छपाईचं बटण दाबा, टर्मिनलच्या वाटेला जाऊच नका. पण महिन्याच्या सुरुवातीला सोसायटीची दीडशे मेंटेनन्स बिलं काढायची असतात, तेव्हा एकेक फाइल उघडण्यात अख्खी सकाळ जाते. तिथे ही एक ओळ कामाला येते:

एलपी -डी ऑफिस बिल.पीडीएफ

'ऑफिस' हे प्रिंटरचं नाव. आम्ही प्रत्येक प्रिंटरवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवून दिली आहे. ती निघाली असेल तर 'एलपीस्टॅट -पी' टाइप करा, सगळी नावं दिसतील.

एंटर दाबलं की पडद्यावर 'ऑफिस-२१४' असा नंबर येतो. दवाखान्यात बाहेर बसताना नंबर मिळतो ना, तसाच हा. फाइल रांगेत लागली एवढाच त्याचा अर्थ. कागद बाहेर आला असा नव्हे. हे आम्ही प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण सगळ्यात जास्त कागद इथेच वाया जातो. एका ग्राहकाकडे प्रिंटर बंद होता. ताईंनी आज्ञा दिली, काही आलं नाही, म्हणून पुन्हा दिली, अशी सात वेळा. दुपारी कुणीतरी प्रिंटर चालू केला आणि चाळीस पानांच्या ताळेबंदाच्या सात प्रती ओळीने बाहेर पडल्या. आज्ञा पुन्हा देण्याआधी 'एलपीस्टॅट -ओ' ने रांग बघा. नको असलेलं काम 'कॅन्सल ऑफिस-२१४' ने निघतं. सगळी रांग रिकामी करायची तर 'कॅन्सल -ए ऑफिस'.

दोन प्रती हव्या असतील तर '-एन २' जोडा. ठरावीक पानं हवी असतील तर '-पी १-४', पण इथला पी मोठ्या लिपीतला. पाठपोट छपाईसाठी '-ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज'. जुन्या पुस्तकांत 'एलपीआर' ही दुसरी आज्ञा सापडेल. तीही चालते, पण तिच्यात मोठा पी म्हणजे पानं नव्हेत, प्रिंटरचं नाव. दोन्ही मिसळल्या की घोळ ठरलेला, म्हणून आम्ही एकच शिकवतो.

दीडशे बिलं एकदम पाठवायची तर फाइलच्या नावाच्या जागी '*.पीडीएफ' लिहा. मात्र फाइली नावाच्या क्रमाने जातात आणि मशीनच्या लेखी १० हा २ च्या आधी येतो. फाइलींना ००१, ००२ अशी नावं द्या, म्हणजे बिलं वाटताना गठ्ठा पुन्हा लावावा लागणार नाही. आणि अशा वेळी सगळ्या फाइली मिळून एकच काम, एकच नंबर होतो. तो रद्द केला की उरलेली सगळी बिलं रद्द.

मराठी मजकूर नेहमी पीडीएफ करूनच पाठवा. साधी टेक्स्ट फाइल थेट पाठवली तर अक्षरांच्या जागी चौकोन येऊ शकतात किंवा जोडाक्षरं तुटतात. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, म्हणून पडद्यावर दिसतं तेच कागदावर उतरतं.

ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर कागद मागत असेल तर बहुधा मशीन 'लेटर' मापाची छपाई पाठवतंय. तो अमेरिकी कागद २१६ × २७९ मिलिमीटरचा. आपला ए४ २१० × २९७ चा. 'एलपीऑप्शन्स -पी ऑफिस -ओ मीडिया=ए४' एकदा दिलं की तुमच्या लॉगिनपुरता प्रश्न मिटतो.

आता ज्यासाठी सर्वाधिक फोन येतात ते. काल चालत होतं, आज प्रिंटर सापडतच नाही. वीज जाऊन आली की राउटर आणि प्रिंटर दोन्ही नव्याने सुरू होतात आणि राउटर प्रिंटरला वेगळा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, देऊ शकतो. मशीन मात्र जुन्याच दारावर टकटक करत राहतं. मशीनला कोणता पत्ता माहीत आहे ते 'एलपीस्टॅट -व्ही' सांगतं. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचं पान छापून घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ते वेगळे निघाले तर मशीनमधला पत्ता आम्ही बदलून देऊ, पण खरा उपाय राउटरमध्ये आहे: प्रिंटरचा पत्ता तिथे कायमचा राखून ठेवायचा. नवीन जोडणीत आम्ही हे आधीच करतो. जुन्या ग्राहकांनी आवर्जून करून घ्यावं.

पत्ता बरोबर असूनही काम हलत नसेल तर 'एलपीस्टॅट -पी' मध्ये प्रिंटरपुढे 'डिसेबल्ड' दिसतं का बघा. मध्येच संपर्क तुटला तर कप्स कधी कधी रांगच थांबवतं आणि प्रिंटर परत आला तरी ती आपोआप सुटत नाही. 'सुडो कप्सएनेबल ऑफिस' दिलं की अडकलेली कामं पुढे सरकतात. त्याआधी रांगेतली नको असलेली कामं काढून टाका, नाहीतर तीही छापली जातील.

एवढं करूनही अडलं तर फोन करा. फोन करताना 'एलपीस्टॅट -टी' चा पडदा उघडा ठेवा आणि प्रिंटरचं ते नेटवर्कचं पान हाताशी असू द्या.