सर्व्हरचा आरंभबिघाड : फर्मवेअरकडून शोध व सावरणी

वीज मिळाल्यापासून ऑपरेटिंग सिस्टिम ताबा घेईपर्यंत सर्व्हर मध्येच अडला, तर तो आरंभबिघाड. या टप्प्यात डिस्कवरचे कोणतेही सॉफ्टवेअर मदतीला नसते. बिघाड ओळखून त्यातून सावरण्याचे काम दोघांवर असते : मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमधले फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारे मूलभूत सॉफ्टवेअर (बायॉस किंवा यूईएफआय), आणि मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र चालणारा बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) हा नियंत्रक.

सुरू होताच फर्मवेअर प्रोसेसर, मेमरी व जोडलेली उपकरणे तपासते; या स्वयंतपासणीला पोस्ट (पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट) म्हणतात. टप्प्याटप्प्याला एकेक संकेतांक उमटतो. सर्व्हर थांबला की शेवटचा संकेतांक गाडी कुठे अडली ते सांगतो. त्याचे अर्थ मात्र उत्पादकागणिक बदलतात. भरपूर रॅम असेल तर मेमरी जुळवून घेण्यात काही मिनिटे जातात आणि तोवर पडदा काळाच राहतो. त्याला बिघाड समजून वीज तोडू नये.

फर्मवेअरच लटकले तर वॉचडॉग टायमर उपयोगी पडतो. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी व एनईसी यांनी मांडलेल्या आयपीएमआय या सर्व्हर-देखरेखीच्या मानकात त्याची व्यवस्था आहे. पोस्टच्या सुरुवातीला फर्मवेअर बीएमसीमधला हा टायमर लावते आणि पोस्ट सुरळीत पार पडली की थांबवते. त्याआधीच वेळ संपली, तर बीएमसी आपल्या नोंदवहीत घटना लिहितो आणि सर्व्हर रीसेट करतो किंवा वीज तोडून पुन्हा जोडतो. सदोष मेमरी पट्टी बाजूला ठेवून उरलेल्या मेमरीवर सर्व्हर उभा करणे अनेक यंत्रांना जमते. धोका इथेच आहे : यंत्र चालू दिसते, नोंदवही कोणी उघडत नाही आणि कमी मेमरीवर महिनोन् महिने काम रेटले जाते.

फर्मवेअर अद्ययावत करताना वीज गेली तर त्याची प्रतच बिघडू शकते. म्हणून चांगल्या सर्व्हरमध्ये दुसरी, राखीव प्रत असते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या ८००-१९३ या मे २०१८ मधील मार्गदर्शिकेने संरक्षण, शोध व पुनर्स्थापना ही तीन तत्त्वे घालून दिली. त्यानुसार बांधलेल्या यंत्रणेत प्रतीची डिजिटल सही तपासली जाते आणि ती जुळली नाही तर विश्वसनीय प्रत परत बसवली जाते.

कोल्हापूरकरांना या यंत्रणेचे मोल वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पाडला. अशा वेळी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचा सर्व्हर अडला, तर शहरातला अभियंता तिथे पोहोचणार कसा? सर्व्हर बंद असतानाही मिळणाऱ्या स्टँडबाय विजेवर बीएमसी जागा असतो आणि त्याचा नेटवर्क पत्ता स्वतंत्र ठेवता येतो. त्यामुळे राजारामपुरीत बसूनही पोस्टचा पडदा पाहता येतो, नोंदवही वाचता येते, सर्व्हर रीसेट करता येतो. मात्र त्या जागी वीज आणि नेटवर्क टिकायला हवे. यूपीएस आणि राउटर तळमजल्यावर ठेवले असतील तर बीएमसीचाही इलाज नाही.

बीएमसीचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. तो वेगळ्या नेटवर्कवर, व्हीपीएन या सुरक्षित खासगी जोडणीमागे असावा आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. नोंदवहीची जागा मर्यादित असते. ती भरली की काही यंत्रांत नव्या घटना लिहिल्याच जात नाहीत, म्हणून पावसाळ्यापूर्वी तिची प्रत काढून ती रिकामी करावी आणि बीएमसीचे घड्याळ भारतीय वेळेशी जुळवून घ्यावे.