प्रॅक्टिस नर्स आणि नर्स प्रॅक्टिशनर: शब्द उलटले की कामही बदलते

ही दोन पदनामे एकमेकांच्या जागी सर्रास लिहिली जातात, आणि कोणी हटकलेच तर ‘एक कनिष्ठ, दुसरी वरिष्ठ’ असे सांगून विषय उरकला जातो. प्रॅक्टिस नर्स म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यातील परिचारिका, हे ब्रिटनमधील नाव आहे. लसीकरण, मलमपट्टी, रक्तदाब ही तिची कामे सर्वांच्या परिचयाची आहेत. नर्स प्रॅक्टिशनर ही भूमिका अमेरिकेतली. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये तिचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला.

खरा घोटाळा औषधाच्या चिठ्ठीपाशी होतो. ‘चिठ्ठी लिहून देते ती नर्स प्रॅक्टिशनर’ ही कसोटी फसवी आहे, कारण ब्रिटनमध्ये औषधे लिहून देण्याचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेली प्रॅक्टिस नर्सही आपल्या क्षमतेच्या मर्यादेत ती लिहून देऊ शकते. पाहायचे ते हे, की रुग्ण निदान घेऊन आला आहे की केवळ तक्रार घेऊन. दम्याचा जुना रुग्ण आला, तर प्रॅक्टिस नर्स त्याची इनहेलर ओढण्याची पद्धत तपासते, रात्री खोकल्याने जाग येते का ते विचारते आणि ठरलेल्या उपचारयोजनेत राहून पुढचे पाऊल ठरवते; हे काम निव्वळ हुकूम बजावण्याचे मुळीच नाही, परंतु त्याला दमा आहे हे आधीच ठरलेले असते. याउलट ‘चालताना धाप लागते’ एवढेच सांगणाऱ्या माणसाला दमा असेल, रक्तक्षय असेल, हृदय कमकुवत झाले असेल किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असेल. या शक्यता एकेक करून वगळणे, त्यासाठी तपासण्या सांगणे आणि निदानाची जबाबदारी स्वतःवर घेणे हे नर्स प्रॅक्टिशनरचे काम आहे. अमेरिकेत त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागते, आणि तरीही काही राज्यांत डॉक्टरांशी करार केल्याशिवाय तिला काम करता येत नाही.

तिला ‘छोटा डॉक्टर’ म्हणण्याची सवय मात्र मला असह्य वाटते. त्यात तिचे परिचर्येचे शिक्षण पुसले जाते आणि प्रॅक्टिस नर्स आपोआप ‘त्याहून छोटी’ ठरते. गणवेश, पगार आणि अपॉइंटमेंटची लांबी हे फरक दवाखान्यागणिक बदलतात, त्यांच्यावरून काहीच ठरवू नये. ऑस्ट्रेलियात नर्स प्रॅक्टिशनर हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे, पण सगळीकडे तसे नसल्यामुळे दारावरच्या पाटीपेक्षा ‘माझे निदान तुम्हीच करणार का?’ हा सरळ प्रश्न अधिक उपयोगी पडतो.