‘माय फेअर लेडी’: एका चेहऱ्याला दोन आवाज

‘माय फेअर लेडी’ला १९६४ सालची आठ ऑस्कर मिळाली. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं होतं, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकरचं होतं, उच्चारशास्त्राचा प्रोफेसर हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनचंही होतं. त्याच्याकडे शुद्ध बोलायला शिकणारी फुलवाली, एलायझा डूलिटल, झालेल्या ऑड्री हेपबर्नला मात्र साधं नामांकनही नव्हतं. आज हा चित्रपट पहिल्यांदा बघणारे बरेच जण निराश होतात. १७० मिनिटं लांबलेला वाटतो, आणि नायिका गायला लागली की ती आपल्यापासून दूर गेल्यासारखी वाटते. लांबीबद्दलची तक्रार ज्याच्या त्याच्या चवीवर सोडू. दुसऱ्या तक्रारीचं कारण थेट ध्वनिपट्टीत सापडतं.

मुळात हे न्यूयॉर्कचं रंगमंचीय संगीतक. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून अॅलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोव या जोडीने ते रचलं. मार्च १९५६ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं आणि त्याचे २,७१७ प्रयोग झाले. हिगिन्स तिथेही हॅरिसनच होता, एलायझा होती ज्युली अँड्र्यूज. नायिकेची गाणी तिच्या उंच, स्वच्छ गळ्याच्या मापाची होती, तर हॅरिसनला गाता येत नव्हतं म्हणून त्याची गाणी सुरात बोलण्यासारखी बेतलेली. सगळा तोल या दोन टोकांवर उभा होता.

१९६२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या जॅक वॉर्नरने चित्रपटाचे हक्क ५५ लाख डॉलरला घेतले. हक्कांच्या व्यवहारातला तो त्या काळचा विक्रम. निर्मितीचा खर्च १ कोटी ७० लाखांवर गेला. एवढे पैसे गुंतल्यावर, तोवर एकाही चित्रपटात न दिसलेली अँड्र्यूज त्याला परवडणारी वाटली नाही. भूमिका दहा लाख डॉलरच्या मानधनावर हेपबर्नकडे गेली. अँड्र्यूजने दरम्यान डिस्नेचा ‘मेरी पॉपिन्स’ केला आणि त्याच वर्षीचं अभिनेत्रीचं ऑस्कर तिनेच नेलं.

हेपबर्नला गाताच येत नव्हतं, हा समज चुकीचा आहे. ‘फनी फेस’मध्ये (१९५७) ती स्वतः गायली होती. ‘ब्रेकफास्ट अॅट टिफनीज’साठी तर हेन्री मॅन्सिनीने तिचा गळा ओळखून जेमतेम सप्तकभर फिरणारी चाल बांधली होती. एलायझाच्या गाण्यांना तेवढा पल्ला पुरत नाही. पट्टी खाली आणावी, तर आनंदाने उसळणारी चाल बसल्यासारखी होते.

हेपबर्नने तालीम केली आणि गाणी ध्वनिमुद्रितही केली. आपलाच आवाज बहुतांशी वापरला जाईल, अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात तिच्या गाण्याचा सुमारे ९० टक्के भाग मार्नी निक्सनच्या आवाजात गेला. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करसाठी आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वूडसाठी गायली होती तीच ही निक्सन. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. आपल्याकडेही ‘महल’च्या (१९४९) तबकडीवर लताबाईंऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचंच नाव छापलं होतं. पण पुढे पार्श्वगायिकेला पडद्यावर आणि तबकडीवर मान मिळत गेला. हॉलिवूडने ही गोष्ट झाकून ठेवली, त्यामुळे ती उघडी पडल्यावर प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटलं.

आता सांधा कुठे दिसतो ते पाहू. नेहमीच्या पद्धतीत गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, सेटवर ते कर्ण्यावर वाजतं आणि नट त्यावर ओठ हलवतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. ओठ आणि शब्द दोन-तीन चौकटींनी सरकले, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग इकडेतिकडे झाला, तरी डोळ्याला खटकतं. निक्सनला तर काही ठिकाणी हेपबर्नने स्वतःच्या आवाजावर आधीच चित्रित केलेल्या ओठांवर गावं लागलं. तिने शब्द नेमके बसवले. पण श्वास बसवता येत नाही. उंच स्वराला जबडा जितका उघडतो, मानेच्या शिरा जितक्या ताणतात, तितकं पडद्यावर काहीच होत नाही. एलायझा फुलं विकताना खरखरीत कॉकनीत, म्हणजे लंडनच्या कष्टकऱ्यांच्या बोलीत, ओरडते आणि पुढच्याच क्षणी गळ्यातून घोटीव स्वर येतो. ज्या गोष्टीचा विषयच उच्चार आणि आवाज आहे, तिथे हा खड्डा जास्तच खोल वाटतो.

हिगिन्सला सूड घेण्याची धमकी देणारं तिचं गाणं लक्ष देऊन ऐका. सुरुवातीचं कडवं हेपबर्नचं आहे, चाल वर चढली की निक्सन येते, आणि पुढे रडवेल्या स्वरात ते परत येतं तेव्हा पुन्हा हेपबर्न. एकाच संतापाला दोन गळे.

हॅरिसनचं सगळं याच्या उलट. आपण एकदा म्हटलेलं गाणं पुन्हा तसंच म्हणत नाही, म्हणून ध्वनिमुद्रणावर ओठ जुळवायला त्याने नकार दिला. मग जॉर्ज ग्रोव्ह्‌जच्या ध्वनिविभागाने त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवला आणि त्याचं बोलगाणं सेटवरच टिपलं. संगीत सांभाळणाऱ्या आंद्रे प्रेव्हिनने वाद्यवृंद नंतर त्याच्या आवाजाच्या चढउतारावर बेतला, म्हणजे वाद्यं गायकामागे धावली. ध्वनीचं ऑस्करही मिळालं. परिणाम असा की एकाच खोलीत उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचा श्वास त्या खोलीतला आणि दुसरीचा ध्वनिमुद्रण कक्षातला.

मराठीत ही अडचण आलीच नाही. ‘पिग्मॅलियन’वरूनच बेतलेल्या पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’त (१९७५) त्याच धमकीच्या जागी मंजुळेचं, म्हणजे तिथल्या एलायझाचं, गाजलेलं स्वगत आहे. शॉच्या नाटकात अशी जागा नव्हती, ती संगीतकात आली. पुलंनी तिथे गाणं न घालता ठसक्यात म्हणायच्या ओळी दिल्या, आणि भक्ती बर्वे त्या दर प्रयोगात आपल्याच गळ्याने म्हणायच्या.

१९९४ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी ६५ मिमी निगेटिव्हवरून चित्रपटाची डागडुजी केली. नंतरच्या डिस्क आवृत्त्यांवर हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजातली दोन गाणीही मिळतात: बाजारातलं पहिलं, आणि तिच्या प्रेमात पडलेल्या फ्रेडीवर चिडून म्हटलेलं. पहिलं आधी ऐका. आवाज बारीक आहे, वर जाताना थोडा फाटतो, पण तो त्या मळक्या चेहऱ्याचाच आहे, आणि ते बदलायला नको होतं. दुसऱ्यात मात्र ती स्वरांशी झगडताना ऐकू येते. तिथे निक्सनला बोलावणं समजू शकतं.