वॉटरप्रूफ म्हणजे नक्की किती? स्वस्त अंडरवॉटर कॅमेऱ्याची पार्श्वभूमी

पाण्याखालचे फोटो फ्रान्सच्या किनाऱ्यावर १८९३ मध्येच काढून झालेत. त्यानंतर बरीच वर्षं धातूचे अवजड डबे, केबल, मोठी बोट, म्हणजे पैसा ज्याचा त्याचाच समुद्र. खरी गंमत २०१२ नंतर, ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर आला आणि पुढच्याच वर्षी त्याला २५ डॉलरचा कॅमेरा, मग पाईपात हे सगळं कोंबून समुद्रात सोडायचे उद्योग सुरू झाले. मासे मोजायचं काम साधं, पुढे आमिषाची पिशवी टांगून कॅमेरा तासभर तळाशी ठेवायचा आणि एका फ्रेममध्ये एका जातीचे जास्तीत जास्त किती मासे दिसले तोच आकडा धरायचा, नाहीतर तोच मासा दहादा मोजला जातो.

घोळ आहे तो 'वॉटरप्रूफ' या शब्दात. डब्यावर आयपी आणि एक आकडा असतो, धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, बस. आयपी ६८ ला खोली आणि वेळ कंपनीच ठरवते, त्यामुळे दोन डब्यांवर एकच आकडा असला तरी अर्थ वेगळा. आणि दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण १ किलो दाब वाढतो, म्हणजे २० मीटरवर १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर दीडशे किलोच्या वर, कांद्याची तीन पोती समजा. म्हणून बॉक्सवरचा शिक्का बघून भुलू नये, माझं तर मत आहे की घरी बनवलेला डबाच बरा, निदान तो कुठे गळतो ते आपल्याला माहीत असतं.

नाशिकला समुद्र नाही, पण ड्रिपवाल्याकडे पीव्हीसी पाईप आहे आणि सातपूरला लेथ आहेत, म्हणून मीही असा डबा बनवायला घेतला. ओ-रिंगची, म्हणजे झाकणाखाली पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच पाडताना लेथवाले काका म्हणाले, "खोल गेली ना, तर रिंग दबणारच नाही, मग पाणी आत." मालवणला पावसाळ्याचा गढूळपणा बसल्यावरच जायचं होतं, तोवर टेस्टिंग दिंडोरीकडच्या एका विहिरीत, कॅमेऱ्याऐवजी आत पेपरचा बोळा आणि डबा तरंगू नये म्हणून खाली दगड बांधलेला. ४० फुटांवर बोळा कोरडा निघाला, ५ फुटांवर चिंब! खाली पाणीच झाकण दाबून धरतं, वर ते काम नटांनाच करावं लागतं आणि माझे दोन नट ढिले होते.