धानाच्या पाण्यावरची मोटारबोट

आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या बऱ्याच जणांनी इंजिनाची नाव पहिल्यांदा पाहिली ती गेटवे ऑफ इंडियाला. मंत्रालयातलं काम, नाहीतर शाळेची सहल. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर बसून जायचं, सकाळी तोंड धुवून गेटवेला उभं राहायचं आणि घारापुरीचं तिकीट काढायचं. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायला जास्तीचे पैसे द्यायचे. इंजिन धडधडायला लागलं की मागे पांढरा फेस उठायचा आणि ताज हॉटेल लहान लहान होत जायचं. परत आलेला माणूस लेणी विसरायचा, पण लाँचचं वर्णन पुढे चार वर्षं पुरवायचा.

आज तोच माणूस रविवारी पोरांना घेऊन रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर जातो, नवेगावबांधला जातो, गोसीखुर्दच्या जलाशयावर जातो. सहा-आठ जणांची फायबरची बोट, मागे लटकवलेलं इंजिन, अंगात नारिंगी जॅकेट आणि पंधरा-वीस मिनिटांची चक्कर. याला आमच्याकडे ‘बोटिंग’ म्हणतात, दुसरा शब्द कोणी वापरत नाही. समुद्रापासून इतक्या आत हा शौक आला कसा, हे पाहायचं तर आधी पाण्याचाच विचार करावा लागतो. मुंबईचं बंदर निसर्गानेच खोल दिलेलं आहे. आमच्या नद्यांचं तसं नाही. वैनगंगा काय, वर्धा काय, पावसाळ्यात दोन्ही काठ खातात आणि होळीच्या सुमारास रेती, खडक नि मधले डोह एवढंच उरतं. इंजिनाचा पंखा फिरायला खाली हात-दीड हात मोकळं पाणी लागतं. बारमाही तेवढं पाणी ज्या नदीत नाही तिथे मोटारबोट काय करणार?

हा प्रश्न इंग्रजांनाही पडला होता, आणि त्यांनी त्यावर बराच पैसा बुडवला. 1860 च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंगणघाटच्या कापसावर पडली. कापूस बंदरापर्यंत न्यायचा कसा? बैलगाडीने महिने जायचे. तेव्हा एक योजना निघाली: वर्धा नदीतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून थेट पूर्व किनाऱ्यावर, वाफेच्या बोटींनी. गोदावरीवर धरण बांधणारे सर आर्थर कॉटन तिचे मोठे पुरस्कर्ते, मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचाही पाठिंबा, आणि कामावर कॅप्टन हेग. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा एंचमपल्लीला, तिसरा वर प्राणहितेत. ते बंधारे, कालवे आणि झडपांनी ओलांडायचे असा बेत. आज गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाला विसावलेलं सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय होतं, त्याला या जलमार्गाचीही आशा होती.

पण नदीने साथ दिली नाही. पाणी असायचं तेव्हा ते भलत्या वेगात असायचं, आणि बोट चालवण्याजोगं संथ व्हायला लागलं की खडक वर यायचे. तापाने माणसं आजारी पडायची. तिकडे 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. 1871 मध्ये सरकारने ते काम गुंडाळलं. मला या फसलेल्या योजनेचं नेहमी नवल वाटतं. ती साधली असती तर हिंगणघाटला धक्का असता, बोटी दुरुस्त करणारे मिस्त्री असते आणि आमच्या बोलीत भोंग्याला एखादा वेगळा शब्द असता. त्यानंतर शंभरेक वर्षं आमच्या नद्यांवर इंजिनाचं नाव कोणी फारसं काढलं नाही.

म्हणून नावा नव्हत्या असं मात्र नाही. ढिवर, केवट, भोई यांचा डोंगा होताच. एकाच जाड खोडातून कोरून काढलेला, अरुंद, हलका आणि नवख्याला एका क्षणात पाण्यात टाकणारा. दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की सायकल, शेळ्या, धानाची पोती, सगळं पलीकडे जायचं. मुसळधार पावसात पूल बुडाला की तालुक्याचा डॉक्टर आणि बाळंतीण यांच्या मध्ये हा डोंगाच असायचा. त्यात मौज म्हणून कोणी बसत नसे. उलट उतरल्यावर नदीला हात जोडायचे.

दुसरं पाणी होतं ते तलावांचं. पूर्व विदर्भाला तलावांचा मुलूख म्हणतात ते उगीच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांच्या वर माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांकडचे, तलाव आहेत. सरकारी कागदावर त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं कुणा मामाने बांधले. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन मिळे असं सांगतात, आणि ते कसब कोहळी समाजाच्या हातात होतं. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी काढायला सांडवा. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने घातला अशी परंपरा आहे, आणि पुढे कोलासूर म्हणून लोक त्याला पुजू लागले. भोवती सात बहिणींचे डोंगर आणि मधे पाणी, असं ते ठिकाण. 1975 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि तलाव पाहायला बाहेरची माणसं येऊ लागली. पाणी पाहायला येणं, हेच गावाला आधी नवीन होतं. तलाव धानासाठी, मासळीसाठी, शिंगाड्यासाठी. नुसतं काठावर बसून पाहण्यात काय आहे, असं म्हणणारी म्हातारी माणसं अजून भेटतात.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि गाळ गावाचा राहिला. पाळी खचल्या, तलाव उथळ झाले. मासळीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे गेला. अशा उथळ, बेशरमीच्या झुडपांनी वेढलेल्या बोडीत, म्हणजे लहानशा तलावात, मोटारबोट चालवायचं कोणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

आता जरा त्या इंजिनाकडे वळू, कारण त्याचीही गोष्ट गमतीची आहे. पेट्रोलच्या इंजिनावर नाव चालवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग गॉटलीब डाइमलरने 1886 मध्ये जर्मनीत नेकर नदीवर केला. लोकांना पेट्रोलचा धसका, बोट फुटेल म्हणून कोणी जवळ येईना. तेव्हा त्याने बोटीच्या कडेने तारा आणि चिनी मातीचे चाप लावून ती विजेवर चालते असा आव आणला म्हणतात. पुढे नावेच्या पाठीला बाहेरून अडकवायचं सुटं इंजिन आलं. ते बाजारात रुजवलं ते अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूड याने, 1909 मध्ये. उन्हाळ्यात तलावापलीकडून होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला, येईपर्यंत ते वितळलं, आणि त्याच्या डोक्यात ही कल्पना आली अशी आख्यायिका आहे. खरी असो की रचलेली, या यंत्राचा जन्म तलावावरच्या सुट्टीत झाला एवढं त्यातून कळतं. बाहेरून अडकवायचं असल्याने त्याला वेगळी बोट लागत नाही. स्क्रू आवळले की कुठलीही नाव मोटारबोट होते, सोडले की इंजिन खांद्यावर घेऊन घरी नेता येतं. खेड्याला परवडण्याचं मर्म इथे आहे.

आमच्या माणसाला त्यातलं यंत्र समजायला वेळ लागला नाही. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालतात, साधारण लिटरमागे 20 मिली. ज्याने लूना चालवली आहे किंवा फवारणीचा पंप पाठीवर घेतला आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. दोरी ओढायची, चोक द्यायचा, पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून दाबून घट्ट करायचा.

पण यंत्राला पाणी दिलं ते धरणांनी. पेंचवर तोतलाडोह, त्याखाली नवेगाव खैरी, वैनगंगेवर गोसीखुर्द. गोसीखुर्दची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी झाली, 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि सुरुवातीचा 372 कोटींचा आकडा पुढे 18 हजार कोटींच्या वर गेला. पवनी तालुक्यातल्या या धरणाने वैनगंगा भर उन्हाळ्यातही दूरवर तुंबलेली राहू लागली. जे पाणी कॅप्टन हेगला मिळालं नाही ते असं मिळालं. त्याखाली गावं गेली हे विसरून चालत नाही. बोट चालवणारे पोरगे तुम्हाला धरणाचे दरवाजे दाखवतात, अंभोऱ्याचा नवा पूल दाखवतात. त्यातला एखादा मधेच इंजिन हळू करून सांगतो, ‘‘इथं खाली आमचं आंगन होतं जी.’’ बोटीतली पोरं खाली वाकून पाहतात. हिरवट पाण्याशिवाय काही दिसत नाही.

मोटारबोट गावापर्यंत आली ती मात्र मौजेसाठी नव्हे, पुरासाठी. 2020 च्या ऑगस्ट अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि वैनगंगेने भंडारा, गोंदियापासून चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत गावं वेढली. बचाव पथकाच्या रबरी बोटी आल्या. जवान त्या इंजिनाला ‘ओबीएम’, म्हणजे आउटबोर्ड मोटार, म्हणत. पहिल्यांदा मोटारबोटीत बसणारे कितीतरी लोक असे, छपरावरून उतरवलेले, एका हातात शेळीचा दोर आणि दुसऱ्या हातात कागदपत्रांची पिशवी घेऊन बसले. त्यातल्याच कुणाची नातवंडं आज वीस मिनिटांच्या चक्करीसाठी हट्ट करतात.

अपघातांनीही या शौकाला वळण दिलं. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात मजेसाठी गेलेल्या तरुणांची नाव उलटली आणि आठ जण बुडाले. नाव लहान, माणसं अकरा आणि मोबाइलवर चित्रण चालू. त्या दिवसांनंतर आमच्याकडे घरातून निघताना आई ‘पाण्यात नको जाऊ’ऐवजी ‘नावेत नको बसू’ म्हणायला लागली. जॅकेटची सक्ती, माणसं मोजून बसवणं हे जिथे नीट चालतं तिथे चालतं. बाकी ठिकाणी जॅकेट फोटोपुरतं घालतात आणि पट्टा मोकळा सोडतात. जॅकेटचे पट्टे न आवळता कोणी पाण्यात पडला तर जॅकेट वर राहतं, माणूस खाली जातो. हे मी ओरडून सांगितलं आहे आणि लोक हसले आहेत.

कायदाही उशिरा जागा झाला. देशातल्या अंतर्गत पाण्यावरच्या यांत्रिक नावांना 1917 चा कायदा लागू होता, तो मुळात वाफेच्या बोटींसाठी केलेला. त्याची जागा 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली. त्यात यांत्रिक नावांची नोंदणी, तपासणी, विमा आला, आणि बिगरयांत्रिक नावांची नोंद स्थानिक संस्थांकडे ठेवण्याची तरतूद आली. डोंग्याची नोंद करायला ढिवर ग्रामपंचायतीत गेला तर ग्रामसेवक कुठलं रजिस्टर काढेल, हे पाहायची मला उत्सुकता आहे.

ढिवरांशी या बोटींचं नातं थोडं आंबटगोडच आहे. पंख्यात जाळं अडकलं तर जाळंही जातं आणि दिवसही. दुसरीकडे चालकाच्या जागेवर बहुतेक त्यांचीच पोरं असतात, कारण खोल कुठे, बुडालेल्या झाडाचं ठुंठ कुठे, हे त्यांनाच ठाऊक. मागच्या हिवाळ्यात एका जलाशयावर आमची बोट मधोमध थांबली. इंजिन भलतंच ओरडलं आणि बोट जागची हलेना. चालकाने, असेल बावीस-तेवीस वर्षांचा, इंजिन तिरपं करून पंखा पाण्याबाहेर काढला. बुडालेल्या झाडाचा तुकडा लागला होता. छोट्या इंजिनात पंख्याच्या दांड्याला एक मऊ धातूची पिन असते. पंखा कशावर आदळला की पिन तुटते आणि महागडं गिअर वाचतं. त्याने खिशातून खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पन्नी काढली. मला वाटलं आता हा खर्रा खाणार. पन्नीत तीन पिना होत्या. जुन्या पिनेचा तुकडा खिळ्याने ठोकून काढला, नवी बसवली, दात लावून पिळलेली तार सरळ केली आणि विचारलं, ‘‘काका, चक्कर पुरी करायची का वापस जायचं?’’

सरकारची जलपर्यटनाची स्वप्नं आता मोठी आहेत: तरंगत्या जेट्टी, क्रूझ, पाण्यावरचे खेळ. पेंचच्या कोलितमाऱ्याला वन विभागाच्या देखरेखीत बोटिंग आहे. गोसीखुर्दच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फलकावर लिहीत नाहीत. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे याच जलाशयात येते, आणि जलपर्णीचे हिरवे गालिचे त्याच पाण्यावर पोसतात. फोटोत ते सुंदर दिसतात. पंख्याला गुंडाळले की चालकाला सुरीने कापत बसावं लागतं.

शिवाय आमच्या पाण्याला मालक आहे. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते, कोळ्याला तिचं गणित पाठ असतं. आमच्याकडे ओहोटी वर्षातून एकदा, आणि तिचं वेळापत्रक पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात ठरतं. उन्हाळी धानाला पाण्याची पाळी सुटली की पाणी काठ सोडून आत आत सरकतं. मे महिन्यात जेट्टी कोरड्या, तडकलेल्या गाळावर टेकलेली असते, तिच्या पिंपांखाली कुत्री सावलीला झोपतात. तिकीटखिडकी बंद. बोटी पालथ्या घालून वर ताडपत्री टाकलेली, इंजिनं सोडून खोलीत नेलेली. तो पिन बदलणारा पोरगा त्या दिवसांत जाळं घेऊन बापासोबत मधल्या पाण्यात असतो, डोंग्यातून.